गाडी सरळ जात होती

अरे वसंता, इकडे ये मेल्या, जरा जवळ बस. परवा मरोळच्या बाजारात मला बघितलंस आणि कांदेबटाट्याच्या हातगाडीमागे वाकलास, ते मला दिसलं नाही असं वाटलं तुला? एवढा सहा फुटी बोटीवरचा माणूस कांद्याच्या ढिगामागे लपतो होय! मी चष्मा लावते, आंधळी झालेली नाही. सुरेशला जाऊन आज चाळीस दिवस झाले, तू बोटीवरून उतरलास त्याला तीन आठवडे झाले, आणि आपल्या दोन घरांत अंतर ते काय, मधे एक पिठाची गिरणी. तरी तुझे पाय इकडे वळत नाहीत. म्हणून पेपरात लिहितेय. रविवारची पुरवणी तू चहाबरोबर शेवटच्या पानापर्यंत वाचतोस, मला ठाऊक आहे. बाकीच्या वाचकांनी माफ करावं, आणि वाचायचं असेल तर त्यांनीही खुशाल वाचावं. लपवण्यासारखं माझ्यापाशी होतं ते एकच, आणि तेच सांगायला बसलेय.

सुरेश माझा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, वडील गिरणीत पाळीला, त्यामुळे त्याला न्हाऊमाखू घातलं ते मीच. पुढे माझे यजमान गेले आणि मी त्याच्याच दोन खोल्यांत राहायला आले. त्याने लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "आक्का, एक बाई बोलतेय तेवढी पुरे आहे घरात." अंधेरीच्या एका कारखान्यात तो मीटर दुरुस्त करायचा, केसासारख्या सुया असलेले. साहेब लोक आपली मनगटी घड्याळं त्याच्याकडे गुपचूप आणून द्यायचे. असा हात होता. तो गेला त्या मंगळवारी दुपारी मी पेज गाळून आणली, तर तो खिडकीकडे तोंड करून होता, आणि मला वाटलं झोपलाय... पेज निवेपर्यंत मी त्याच्या उशाशी तशीच बसून राहिले.

ती गाडी तूच आणलीस, जपानहून. वाचकांना सांगते, खेळणं म्हणायचं तर खेळणं, पण हे दोघे तिला बग्गी म्हणायचे आणि खेळणं म्हटलं की चिडायचे. हातभर लांब, जाडजूड चार चाकं, प्रत्येक चाकाला स्वतःची स्प्रिंग आणि तेल भरलेली नळी, म्हणजे खड्ड्यातून उडाली तरी चारी पायांवर पडावी. रिमोटवर दोन दांड्या. डावीने वेग, उजवीने वळण. खोक्यात सगळे सुटे भाग आले होते आणि तुम्ही दोघं घोडे आठ दिवस माझ्या स्वयंपाकघराच्या दारात पसरून बसला होतात. एक स्क्रू आमटीत सापडला, आठवतं? दर रविवारी सकाळी आरे कॉलनीत, गोठ्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत, चुन्याने रस्ता आखून पाच-सहा जणांची शर्यत. मी डबा घेऊन यायची. म्हशी रवंथ करत तुमच्याकडे बघायच्या आणि तू म्हणायचास, "आक्का, पब्लिक जमलं बघ."

पहिलं वर्ष सुरेशच्या गाडीपुढे कुणी गेलं नाही. मग ती डावीकडे ओढायला लागली. सरळ पट्ट्यावर हळूच चुन्याची रेघ सोडायची आणि गवतात घुसायची. झालं! आमच्या घराचं गॅरेज झालं. खिडकीची एक काच काढून त्याने ती टेबलावर अगदी समपातळीत बसवली, तिच्यावर गाडी ठेवायची आणि चारी चाकं सारखी टेकतात का ते कागद सरकवून बघायचं. पुढच्या चाकांना वळवणाऱ्या दोन बारीक सळया असतात, त्या अर्ध्या-अर्ध्या आट्याने लांब-आखूड करायच्या. स्प्रिंगा उजवीच्या डावीला, डावीच्या उजवीला. नळीतलं तेल बदललं, शिलाई मशीनचं पातळ झालं, एरंडेल घट्ट झालं, मग दोन्ही मिसळून माझ्या औषधाच्या चमच्याने मोजून घातलं. चाकं वळवणारी छोटी मोटरसुद्धा तुझ्या गाडीतली काढून लावली. रिमोटही तुझा आणून पाहिला. रिमोटवर एक बारीक खटका असतो, तो सरकवला की ओढ झाकली जाते, पण त्याला तो लबाडी म्हणायचा. त्याची रीत एकच. "आक्का, पार्ट बदलायचा. दोष त्याच्याबरोबर गेला तर दोष त्याचा. नाही गेला तर दुसरीकडे शोधायचा." असं करत सगळी गाडी बदलून झाली आणि दोष जागचा हलला नाही. जेवताना घास त्याच्या हातात तसाच राहायचा.

एका शनिवारी तो कामावर गेला होता. मी चौथी शिकलेली बाई, पण दोन महिने त्याच्या बाजूला बसून स्क्रू धरले होते. मनात आलं, सगळं बदललं, चालवणारा कुठे बदललाय? गाडी गॅलरीच्या एका टोकाला ठेवली आणि दांडी पुढे केली. वसंता, शेजाऱ्यांच्या पिंपापर्यंत ती सुतासारखी सरळ गेली. पुन्हा केलं. पुन्हा सरळ. तिसऱ्यांदा तर मी उजव्या दांडीवरचा अंगठाच उचलला, तरी सरळ... मी तिथेच गॅलरीत बसले. मग एकेक आठवायला लागलं. शर्टाचं वरचं बटण हल्ली तो मला लावायला सांगायचा. लोणच्याची बरणी "तूच उघड" म्हणून पुढे करायचा. आणि उजव्या अंगठ्याखाली गुबगुबीत मांस असतं ना आपल्या, तिथे त्याला खड्डा पडलेला होता. मी तो पाहिला होता आणि कामाने झिजला म्हणून सोडून दिला होता. अंगठा बाहेर ढकलायची ताकद गेली होती. तो आत, डावीकडे कलंडायचा आणि दांडीला घेऊन जायचा.

संध्याकाळी सांगायचं ठरवलं होतं. तो आला, दाराबाहेर बराच वेळ किल्ली खुडबुडत राहिली, शेवटी मीच आतून कडी काढली. त्याचा चेहरा बघितला आणि मी पाट मांडून त्याला वाढायला घेतलं. गाडीत दोष असला तर तो दुरुस्त होतो, एवढंच त्या वेळी माझ्या डोक्यात होतं.

आणि दुसऱ्याच दिवशी आरेमध्ये तू हसत हसत म्हणालास, "अरे गाडीला कशाला शिव्या देतोस? तुझाच हात वाकडा पडतोय." सगळे हसले. तुझ्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. त्याने गाडी उचलली, काखेत मारली आणि कुणाशी न बोलता बसने घरी आला. त्या दिवशी मी डबा घेऊन आले नव्हते, घरी भाकऱ्या करत होते; तुझं बोलणं मला मागून कळलं. समोर उभा राहून म्हणाला, "आक्का, खरं सांग. मी नसताना तू चालवून बघितलीस ना? गॅलरीत चाकांचे डाग आहेत. सरळ जाते का?"

मी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हटलं, "नाही रे. माझ्याही हातात डावीकडेच ओढते."

त्याचा जीव भांड्यात पडला, ते मी डोळ्यांनी बघितलं. आणि पुढच्या क्षणाला म्हणाला, "मग वसंता खोटं बोलला. चारचौघांत हसला माझ्यावर." माझ्या एका वाक्यानं तू खोटा ठरलास.

त्यानंतर तू आलास, बोट धरायच्या आधी, नव्या स्प्रिंगांची पुडी घेऊन. तो आत होता. खालच्या आवाजात म्हणाला, "सांग, नाही घरी." मी तुला जिन्यावरच अडवलं. तू पुडी माझ्या हातात दिलीस आणि विचारलंस, "आक्का, त्याचा हात बरा आहे ना? मला काळजी वाटते." तेव्हा सांगायला हवं होतं. घरात नाही तर नाही, जिन्यावर तुझ्यापाशी तरी. मी काय म्हणाले? "हाताला काय धाड भरलीय? तू तुझी जीभ सांभाळ." तू मान खाली घालून उतरलास. त्याच आठवड्यात तुझी बोट गेली.

पुढचं तुला चाळीतल्यांनी सांगितलं असेल. महिन्याभरात डावा हातही गेला, मग मोठ्या हॉस्पिटलात सुया टोचून तपासण्या. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. म्हणाले, नसांचा आजार आहे, औषध नाही. मी विचारलं, आधी आणलं असतं तर? म्हणाले, काही फरक पडला नसता. लोक मला हेच सांगून समजावतात. पण वसंता, फरक पडला असता रे. बरा झाला नसता, पण तू जायच्या आधीचे ते आठवडे तुम्ही दोघं भांडून बसला नसतात. त्याला पायांवर चालता येत होतं तेव्हा. बोलता येत होतं. ते दिवस माझ्यामुळे गेले.

पायही गेले आणि शब्द जड व्हायला लागले, तेव्हा एका दुपारी मी त्याला सांगून टाकलं. गाडी सरळ जात होती, मला आधीच कळलं होतं, मी खोटं बोलले. वाटलं होतं रडेल, किंवा म्हणेल जाऊ दे आक्का. तसलं काही झालं नाही. त्याने मान भिंतीकडे फिरवली. दोन दिवस माझ्या हातून घास घेतला नाही. शेजारच्या काकू येऊन भरवायच्या आणि मी बाहेर गॅलरीत उभी. तिसऱ्या दिवशी त्याने मला हाक मारली. शब्द फुटायला फार वेळ लागला. "वसंताला... कळव." एवढंच. पुढे दोन महिने होता, पण या विषयावर पुन्हा बोलला नाही. मला माफ केलं की नाही, तेही बोलला नाही. मी विचारायला हवं होतं का? रोज विचारते, आता कुणाला ते मला ठाऊक नाही.

मी तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर तीन पत्रं टाकली. तिन्हीत त्याच्या तब्येतीचं लिहिलं, पावसाचं लिहिलं, तुझ्या आईच्या गुडघ्याचं लिहिलं. हे लिहायला पेन उचललं की हात थांबायचा. तू परत आलास आणि कुणीतरी म्हणालं, वसंता स्वतःला खातोय, मी हसलो म्हणून सुरेश तुटला असं सारखं म्हणतो. ते ऐकून मी दोन रात्री झोपले नाही. नाही रे बाबा. तू खरं बोललास. तुम्हा सगळ्यांत एकट्या तुझं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं होतं.

त्या काचेवर अजून त्याची पेन्सिलीची खूण आहे, पुढचं उजवं चाक कुठे टेकायचं तिथे. मी रोज सकाळी टेबल पुसते. काच पुसते, ती खूण तेवढी सोडून. का सोडते ते मला सांगता यायचं नाही.

हे वाचशील त्याच रविवारी ये. घंटी बिघडलीय, कडी वाजव. येताना काही आणू नकोस, आणि दारात उभा राहून "आक्का, बरी आहेस ना" असलं काही म्हणू नकोस. आत ये, बस, आणि जे माझ्यावर ओरडायचंय ते ओरड. त्याने ओरडायला हवं होतं, ते राहून गेलंय. तुला जमेल. मी बांगडे आणून ठेवते, पण ते नंतर. आधी तू बोल, मी गप्प बसेन. खरंच बसेन. पण लवकर ये रे.