खुर्ची ढकलणारी माझी ताई

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सौसरच्या शाळेत पाचवीची हजेरी घेत होतो. नागपूरहून तिच्या शेजारीणबाई बोलत होत्या. सकाळी ड्युटीवर निघताना ताई बूट घालायला म्हणून बसली, ती उठलीच नाही. फोन ठेवून मी पुढची दोन-चार नावं तशीच पुकारली म्हणे. मुलं सांगतात, मला आठवत नाही... आज त्याला सहा आठवडे झाले.

वनमालाताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भाऊजी लवकर गेले आणि ती नागपूरच्या विमानतळावर कामाला लागली. ज्यांना चालवत नाही अशा प्रवाशांना चाकाच्या खुर्चीवर बसवून विमानापर्यंत न्यायचं, हे तिचं काम. तेव्हाचं विमानतळ म्हणजे एक बेताची इमारत. सकाळची विमानं उडाली की दुपारभर सामसूम. "माणसं कमी अन् खुर्च्या जास्त, पुसूनपुसून हात दुखे बाप्पा," असं ती हसत सांगायची. मग इमारत वाढली, काचा आल्या, सामानाचे पट्टे आले, थेट विमानाच्या दारापर्यंत जाणारी वाट आली. फलकावर एकेक नवं शहर चढत गेलं आणि शहर चढलं की ताईचा मला फोन ठरलेला, जणू ते विमान तिनंच सुरू केलं होतं! कंत्राटदार बदलले, गणवेशाचे रंग बदलले, ताई तिथेच राहिली. नव्या मुलींना तीच शिकवायची. खुर्चीला हात लावायच्या आधी समोर या, आपलं नाव सांगा, वळायच्या आधी बोला. "माणूस हाय तो, पेटी नाई," हे तिचं पहिलं वाक्य.

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी मी गावात सांगत असे की माझी बहीण विमानतळावर अधिकारी आहे. लोधीखेड्याचे पाहुणे माझ्या मुलीला बघायला आले होते, त्यांच्यापुढे तोंडातून निघून गेलं आणि मग तेच रूढ झालं. मास्तर माणूस मी. दुसऱ्यांच्या पोरांना खरं बोलायला शिकवतो.

पुढे एका प्रशिक्षणासाठी मला विमानानं हैदराबादला जायचं होतं. पहिलाच विमानप्रवास, सोबत शाळेतले एक सहकारी. तपासणीच्या रांगेत पुढे ताईच दिसली. तिच्या खुर्चीत तिगावच्या एक आजी होत्या. बंगलोरला लेकीचे दिवस भरले होते आणि आजी अख्खा बाळंतविडा पिशवीत घेऊन निघाल्या होत्या. डिंकाचे लाडू, मालिशीचं दोन लिटर तीळतेल, आणि बाळंतिणीला शेक द्यायला गोवऱ्या, कोळसे, वर माचीस! लाडू सोडून सगळं बाजूला काढलं गेलं. आजी अडून बसल्या.

"शेकाबिगर लेक उठन का? मी नाई जात. मले तिगावले पोचवून दे."

विमानाची वेळ होत आली होती. ताई खुर्चीसमोर येऊन गुडघ्यावर बसली. "आजी, तेल बंगलोरले भेटते. शेगडी बी भेटते. आंगाले तेल लावनारे मायचे हात तिथं कोनत्या दुकानात भेटून राहिले? ते घेऊन चला."

आजींनी आपल्या हातांकडे पाहिलं आणि डोळे पुसून म्हणाल्या, "चाल, ढकल." तेल-कोळसे ताईनं बाहेर थांबलेल्या त्यांच्या मुलाकडे पोचते केले, लाडवांचा डबा आजींच्या मांडीवर ठेवला आणि धावतच खुर्ची नेली. मला तिचा फार अभिमान वाटला. सहकारी म्हणाले, "काय बाई आहे हो! ओळखता काय?" मी म्हणालो, "आमच्या सौसरच्या आहेत." तेवढ्यात आजींना विमानात बसवून ताई परत येत होती. तिनं ऐकलं.

रात्री तिचा फोन आला. नीट पोचला का, जेवला का, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, "सुधीर, माह्या कामाची लाज वाटते काय रे तुले?" मी नाही म्हणालो. "मंग सांगत काऊन नाई?" सकाळी लवकर उठायचं आहे म्हणून मी फोन ठेवला. तिनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही... आणि मीही काढला नाही, याची मला आजही शरम वाटते.

गेल्या आठवड्यात सौसरच्या बुद्धविहारात तिच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. सूत्रसंचालकांनी सुरुवात केली, "विमानतळ अधिकारी कालकथित वनमालाताई..." मी उठून माइक मागितला. म्हटलं, माझी ताई अधिकारी नव्हती, ते खोटं माझं. ती चाकाच्या खुर्च्या ढकलायची. इतकी वर्षं हजारो माणसांना तिनं मानानं विमानापर्यंत नेलं आणि तिच्याएवढं मोठं काम आमच्या घरात कुणी केलेलं नाही. सगळं बोलून मगच माइक परत दिला.

कार्यक्रम संपल्यावर गणवेशातल्या चार मुली जवळ आल्या. ड्युटी संपवून नागपूरहून थेट एसटीनं आल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "तुमी सुधीर सर ना? आमाले सगळ्याईले तुमचं नाव पाठ हाय. नवी पोट्टी आली का ताई पयले हेच सांगे, माहा भाऊ मास्तर हाय."

मी हात जोडले. म्हटलं, "हो. मी वनमालाताईचा भाऊ."