छातीशी धरलेला ठोकळा

पेन्सिल उजव्या कानावर असते आणि शोध डाव्या खिशात चालतो.

लाकूड कापण्याआधी मिस्त्रीकाका त्याचा वास घेतात.

माप दोनदा घेतात. तिसऱ्यांदा मला घ्यायला लावतात आणि माझ्या मापावर विश्वास ठेवत नाहीत.

रंधा मारून झाला की फळीवर गाल टेकवतात. हाताला कळत नाही ते गालाला कळतं म्हणे.

चहा निवेपर्यंत पीत नाहीत. तोवर कपात भुसा पडतो. तो फुंकून कडेला सारतात.

लहान तुकडा शिकंज्यात कधी धरत नाहीत. टेबलाची कड आणि आपली छाती यांच्यामध्ये दाबून धरतात. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक सदऱ्याचं वरून दुसरं बटण तुटलेलं आहे. काकूंनी ते लावायचं सोडून दिलंय.

ही शेवटची सवय मी दोन वर्षं रोज पाहत होते.

त्यांच्या कारखान्यावरच्या खोलीत मी भाड्याने राहते. पुस्तकांसाठी शेल्फ सांगायला खाली उतरले आणि मग उतरतच राहिले. मला नोकरी नव्हती, त्यांना बोलायला कुणी नव्हतं. मी चोवीसची, ते चौसष्टचे. साहित्यात एम. ए. केलं म्हणून ते मला एमेबाई म्हणतात. "एवढं शिकलीस, आता एक रेघ सरळ मारून दाखव," असं त्यांचं आठवड्यातून एकदा तरी असतंच.

तीन महिन्यांपूर्वी ते कारखान्यात उभ्याउभ्या कोसळले. हृदयाचे ठोके फार मंद पडले होते. डॉक्टरांनी डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काड्यापेटीएवढं एक यंत्र बसवलं. ठोका चुकला की ते ढोसणी देतं. घरी आल्यावर काकूंनी एकच अट घातली.

"पुन्हा छातीत काही झालं तर कारखान्याला कुलूप. किल्ली विहिरीत टाकीन."

"विहीर कुठंय इथं?"

"खणून घेईन."

काका हसले. पण मला बाजूला घेऊन म्हणाले, "ती करेल हो तसं. आणि कुलूप लागलं, तर हे यंत्र कुणासाठी चालवायचं?"

कामाला लागले, तेव्हा सगळं ठीक होतं. मग एक दिवस काकूंनी सुरी घ्यायला खणात हात घातला आणि बोट कापून घेतलं. पाच सुऱ्या आणि एक कात्री, सगळ्या एकमेकींवर पडलेल्या.

"तीस वर्षं जगाची स्वयंपाकघरं सजवलीत," बोट नळाखाली धरून काकू म्हणाल्या. "माझ्या सुऱ्यांना मात्र उभं राहायला जागा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी शिसवीची जाड फळी काढली. तिला पाठीमागून टेकू देऊन ओट्यावर उभं करायचं. पोटात लोहचुंबक बसवायचे, वरून पातळ फळी चिकटवायची. चुंबक दिसणार नाहीत आणि सुऱ्या मात्र लाकडाला चिकटलेल्या दिसतील. त्यांनी पेन्सिलने नऊ गोल काढले, प्रत्येकाशेजारी आकडा घातला.

चुंबक शर्टाच्या बटणाहून थोडे मोठे. पण काय ओढ! दोन जवळ आले की मधे बोट सापडायचं. टेबलावरचे खिळे सरपटत यायचे. काका एखाद्या पोरासारखे खूश होते.

ड्रिलचं भोक मुद्दाम जरासं लहान ठेवायचे. मग पटाशीने आतून खरवडायचं, चुंबक घट्ट बसेपर्यंत. त्यासाठी फळी नेहमीसारखी छातीशी. वाकले की तिचं वरचं टोक डाव्या खांद्याखाली टेकायचं. रोज एखाद-दुसरं भोक, त्याहून जास्त नाही.

तिसरा चुंबक बसला त्या दिवशी ते थांबले. "जरा हात बघ गं."

मनगट धरलं. नाडी धावत होती. माणूस जागच्या जागी उभा आणि नाडी जिने चढत असल्यासारखी.

ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. पाणी पिऊन झालं तोवर सगळं शांत.

"काकूला बोललीस तर शेल्फ काढून नेईन."

मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी जास्त. रोज कामाला लागले की सुरू, पायरीवर आले की बंद. मी मनात म्हणायचे, थकवा असेल. ते म्हणायचे, पित्त असेल. खरं काय वाटतंय ते दोघांनाही ठाऊक होतं. मला त्यांचा जीव हवा होता आणि त्यांचा कारखानाही. चार दिवस मी दोन्ही धरून बसले.

सातवा चुंबक बसवून आठव्या भोकाला पटाशी लावली आणि काका भुशात बसले. पडले नाहीत. हळूच बसले, टेबलाचा पाय धरून. चेहरा पांढरा झाला होता. मी आत धावले आणि काकूंना सगळं सांगून टाकलं, चारही दिवसांचं.

 काकूंनी चपला घातल्या. कारखान्याला कुलूप लावलं. किल्ली मुठीत घेतली आणि काकांना व मला घेऊन भाड्याच्या गाडीत बसल्या. दवाखाना येईपर्यंत ती मूठ उघडली नाही.

यंत्र तपासणारी मुलगी माझ्याच वयाची होती. तिने काकांच्या खांद्याखाली एक चकती धरली आणि पडद्याकडे पाहत राहिली. बराच वेळ. मी भिंतीवरच्या फरश्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"बॅटरी छान आहे," ती म्हणाली. "तारा जागेवर आहेत. काका, तुमच्या हृदयाला नवीन काही झालेलं नाही."

"मग हे रोजचं काय?" काकूंनी विचारलं.

"यंत्राच्या नोंदीत हे रोज सकाळी दहानंतर दिसतंय. तेव्हा काय करता तुम्ही?"

"काम," काका म्हणाले.

"कसलं?"

"सुऱ्यांचा ठोकळा."

"त्यात लोहचुंबक आहे?"

काका बारीक आवाजात म्हणाले, "सात."

"आणि तो धरता कुठे?"

 काकूंनी किल्लीची मूठ तशीच ठेवली आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या छातीवर थाप मारली. "इथं! लग्न झाल्यापासून बघतेय. फळी असो, नाहीतर खिडकीची झडप."

ती मुलगी हसायला लागली. चुंबक अगदी जवळ आला की हे यंत्र आपली नेहमीची चाल सोडतं, तिने सांगितलं. ठरलेल्या एकाच, जरा जलद वेगाने चालत राहतं. चुंबक दूर झाला की पुन्हा पूर्ववत. "बिघाड नाही. तुम्हीच रोज त्याला घाई करत होतात."



"माझ्यासाठी म्हणून करायला घेतलंत," काकू म्हणाल्या, "आणि त्यालाच मिठी मारून बसलात! मला कधी मारली नाही एवढी."

काका लाजले. चौसष्टाव्या वर्षी, उघड्या अंगाने, अंगावर तारा लावलेल्या असताना.

मी बाहेर बाकावर जाऊन बसले.  यंत्राबरोबर आलेली पुस्तिका मीच त्यांना वाचून दाखवली होती. त्यात होतं ते. 'तीव्र चुंबकीय क्षेत्रापासून दूर राहावे.' मी स्पष्ट उच्चारात वाचलं होतं. आम्हा दोघांच्या डोळ्यांपुढे मोठमोठाली यंत्रं आली होती, कुठल्यातरी दूरच्या कारखान्यातली.

काका-काकू बाहेर आल्यावर मी ते कबूल केलं. काका म्हणाले, "ऐकलं तर मीही होतंच की." आणि सदऱ्याची बटणं लावू लागले. दुसरं नव्हतंच.

डॉक्टरांनी सांगितलं, चुंबक छातीपासून वीतभर लांब ठेवा, बाकी करवत, रंधा, सगळं चालू द्या. काकूंनी गाडीत त्याचं हातभर केलं. घर येईपर्यंत ते खोलीभर झालं होतं. दारात त्यांनी मूठ उघडली. तळहातावर किल्लीचा ठसा उमटला होता.

"घ्या."

काकांनी कुलूप काढलं आणि आधी आतला वास घेतला.

दोन भोकं राहिली होती. मी म्हटलं, मी खरवडते. "म्हणजे आता तुझ्या बोटासाठी दवाखाना?" त्यांनी स्वतः फळी शिकंज्यात धरून पाहिली, हात लांब करून, उंदीर शेपटीने धरावा तशी पटाशी धरून. दोन-तीनदा खरवडलं. मग पटाशी खाली ठेवली. "छातीला लागल्याशिवाय कळत नाही गं, किती राहिलंय ते."

"मग?"

"मग राहू दे. बघू."

या गोष्टीला महिना झाला. काका सध्या एका घराची खिडकी करताहेत, तिला छातीशी घट्ट धरून. ठोकळ्याची वरची पातळ फळी पॉलिश करून भिंतीला टेकवलेली आहे. ती अजून चिकटवायची नाही, दोन चुंबक राहिलेत, असं त्यांनी बजावलंय. पण काकूंना कुठला धीर? त्यांनी उघडाच ठोकळा ओट्यावर नेऊन उभा केला. पाच सुऱ्या आणि एक कात्री त्याला चिकटून असतात. खालच्या कडेला दोन भोकं रिकामी. सातव्यातला चुंबक चकाकतो, आणि त्याच्या शेजारी पेन्सिलचा आठ, पेन्सिलचा नऊ.