गेटवरचा अंगठा

तूर भरडायला घेतली की तो कोरडा, गोडसर वास नाकात शिरतो आणि मला ती सकाळ आठवते. अकोल्याच्या एमआयडीसीतली आमची डाळ मिल, मी तिथला सुपरवायझर. कुणाचा हात अडकू नये म्हणून फिरत्या पट्ट्यावर जाळी बसवल्याशिवाय मशीन चालू करणार नाही म्हणून आदल्याच दिवशी मालकांशी तावातावानं भांडलो होतो. सकाळी गेटवर हजेरीच्या मशीनला अंगठा लावला, तर लाल दिवा. शर्टाला पुसून पुन्हा लावला, पुन्हा लाल. मागून म्हातारा फिटर म्हणाला, "काढलं वाटते भाऊ तुले," आणि डबा मांडीवर घेऊन तिथंच धुळीत बसला. "मंग आमी तरी कायले जातो आत?" त्याच्यामागं अख्खी रांग बसली. तेवढ्यात मालक धावत आले. "अबे उठा सारे! प्लांट मॅनेजर केलं मी त्याले. मॅनेजरले अंगठा लावा लागत नाई!" सगळे हसत, कपडे झटकत उठले. आता माझी हजेरी कोणी घेत नाही. तरी रोज गेटवर अंगठा आपोआप पुढं होतो, लाल दिवा लागतो, आणि मी एकदा मागं वळून पाहतो.