मास्तरांचा उजवा पाय

आमच्या घरात मी, आमचे हे आणि ह्यांचा उजवा पाय असे तिघं राहतो. पायाचं नाव वेगळं घेतलं, कारण तो ह्यांचंही ऐकत नाही. माझं तर नाहीच नाही.

ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. मीसुद्धा तेच म्हणते, तेवढाच जरा वचक राहतो. एकतीस वर्षं ते लोकांना गाडी चालवायला शिकवतायत. आमच्याकडे दोन गाड्या, एक नवी आणि एक जुनी. दोन्हींत शेजारच्या सीटसमोर एक जादा ब्रेक आहे. शिकणाऱ्यानं घोळ घातला की मास्तरांनी तो दाबायचा.

मास्तर स्वतः जन्मात चाळीसच्या वर गेले नाहीत. सायकलवाले त्यांना ओलांडून जातात आणि वर मागे वळून बघतात. पण तोंड उघडलं की हाच माणूस थेट ग्रां प्रीच्या शर्यतीत. पेट्रोलचा काटा बघायला शिकवायचा असेल तर साधं सांगतील का? छे. "एकोणीसशे एकोणसाठ. मोसमातली शेवटची शर्यत. जॅक ब्रॅबमचं पेट्रोल रेषेच्या अलीकडे संपलं. पठ्ठ्यानं गाडी ढकलत नेली, चौथा आला आणि जगज्जेता झाला. तुम्ही ढकललीत तर फक्त घामाघूम होऊन ऑफिसला पोचाल. तेव्हा काटा बघा."

शर्यतवाल्यांत त्यांचा लाडका म्हणजे फँजिओ. मोनॅको, एकोणीसशे पन्नास. पहिल्याच फेरीत समुद्राच्या पाण्यानं ओल्या झालेल्या वळणावर एकामागून एक गाड्या आदळल्या. फँजिओ सगळ्यांच्या पुढे, त्याला मागचं काहीच ठाऊक नाही. दुसऱ्या फेरीत तो तिथे आला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण पहिले असूनही लोक आपल्याकडे बघत नाहीयेत, सगळ्यांच्या माना भलतीकडेच आहेत. त्यानं वेग कमी केला आणि वाचला, असं सांगतात. "म्हणून नुसता रस्ता बघू नका, माणसांच्या माना बघा," असं मास्तर दर विद्यार्थ्याला बजावतात. एका शाळेतल्या बाईंनी ते इतकं मनावर घेतलं, की माना बघता बघता फळवाल्याच्या गाडीलाच धडक दिली. आम्ही आठवडाभर कलिंगडं खाल्ली.

तर असा हा गुरू. त्याच्याकडून अख्खं गाव शिकलं आणि मी मात्र पंचावन्नाव्या वर्षापर्यंत शेजारच्या सीटवर पिशव्या सांभाळत बसले. मलाही कधी गरज वाटली नव्हती. मग माझे मेव्हणे वारले आणि माझी ताई घरात मिटून बसली. आठ महिने तिनं उंबरा ओलांडला नाही. दीड तासावर तिचं घर. मी बसने जायची, चल म्हणायची, आणि ती म्हणायची, "बसमध्ये ओळखीचे भेटतात गं. विचारतात. मला नाही सांगवत." मास्तर नेतो म्हणायचे, पण त्यांच्यासमोर तिला रडताही यायचं नाही. मला वाटायचं, आपल्या हातात गाडी असती तर तिला उचलून कुठेतरी नेली असती. फक्त आम्ही दोघी. नाहीतर ही बाई त्या घरातच संपेल, अशी भीती होती.

एक दिवस चहा देता देता मी सांगून टाकलं, "मला गाडी शिकवा."

"या वयात?"

"तुमचा फँजिओ सेहेचाळीसाव्या वर्षी जर्मनीत मागे पडूनही सगळ्यांना गाठून जिंकला होता ना? तुम्हीच रोज सांगता."

"सेहेचाळीस. तू कुठे सेहेचाळीस?"

चहाचा कप मी परत आत नेला. दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू झाली.

आणि काय सांगू, मी चालवायला लागले ते अगदी झोकात. चौक आला की गाडी अलगद थांबायची. स्पीडब्रेकर आला की आपोआप नरम व्हायची. मास्तर कौतुकानं म्हणायचे, "लोण्यासारखा ब्रेक लावतेस." मी हवेत. बायकांना गाडीतलं कळत नाही म्हणणाऱ्या आमच्या दिरांना मी दोनदा फोन करून ऐकवलं.

मग टेस्ट झाली. टेस्ट घेणारे साहेब शेजारी बसले, हाताची घडी घातली, आणि मी थांबायची रेषा ओलांडून दोन हात पुढे गेले. नापास. महिन्यानं दुसऱ्यांदा गेले, तर रेषा सोडाच, साहेबांनी स्वतः ब्रेक दाबला म्हणून कुंपण वाचलं. नापास. साहेब म्हणाले, "मास्तरांच्या घरात असं? आता एकदा बघू, नाहीतर पहिल्यापासून सगळे कागद."

मास्तर चक्रावले. त्यांचा विद्यार्थी सहसा दुसऱ्यांदाही नापास होत नाही. मला धीर देत म्हणाले, "लेला लोम्बार्डी. एकोणीसशे पंचाहत्तर. सहावी आली, पण शर्यत अर्ध्यात थांबवली म्हणून अर्धाच गुण मिळाला. तरी गुण मिळवणारी पहिली बाई म्हणून इतिहासात नाव राहिलं."

"मला अर्धं लायसन्स देतात का विचारा," मी म्हटलं. खरं तर रडू येत होतं. ताईला मी सांगून ठेवलं होतं, की पुढच्या महिन्यात गाडी घेऊन येते.

त्या रविवारी दुपारी मास्तर टीव्हीवर शर्यत बघत होते. मी शेजारी भाजी निवडत होते. वळण आलं की गाड्या हळू होतात, आणि त्याच क्षणी मास्तरांचा उजवा पाय सतरंजी दाबतो. वळण, पाय. वळण, पाय. एकतीस वर्षांची सवय, मी आजवर त्याला हसत आले होते. पण त्या दिवशी माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हा पाय टीव्हीतल्या गाड्या थांबवतोय, तर माझ्या शेजारी बसून काय गप्प राहत असेल?

मी तडक गॅरेजवर गेले. तिथला मेकॅनिक चाळिशीचा, मास्तरांचा जुना विद्यार्थी. त्याला विचारलं, "तुला शिकवताना मास्तर सारखा ब्रेक दाबायचे का रे?"

"मास्तर? काकू, ते पाय मागे दुमडून बसायचे. मी नाल्यात निघालो होतो, तेव्हा अगदी काठावर दाबला. म्हणाले, आपलं आपण घाबरल्याशिवाय पाय शिकत नाही."

म्हणजे दुनियेची पोरं काठापर्यंत जाऊ द्यायची आणि बायकोला मात्र चौकाच्या वीस पावलं आधीच थांबवायची. दोन महिने लोण्यासारखा ब्रेक मास्तर लावत होते आणि मिरवत मी होते. असा संताप आला म्हणून सांगू.

मी मेकॅनिकला म्हटलं, "जुन्या गाडीतला मास्तरांचा ब्रेक सोडव. पण त्यांच्या पायाला कळता कामा नये."

तो हसला, मग घाबरला, मग पुन्हा हसला. आतला जोड काढला आणि पेडलखाली एक स्प्रिंग बसवली. दाबलं की खाली जाणार, सोडलं की वर येणार, बाकी काम शून्य. जुन्या गाडीवर मी एकटीच शिकत होते, म्हणून दुसऱ्या कुणाला धोका नव्हता. आणि मी मास्तरांना हट्टानं बंद कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानावर नेलं.

पहिल्या दिवशी आम्ही दोघं वाळूच्या ढिगाऱ्यात घुसलो. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "आज काय झालंय तुला?"

"माना बघत होते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्याच्या आधी थांबले. चौथ्या दिवशी माझ्या पायाला कळलं, किती दाबला की किती अंतर लागतं. मास्तर शेजारी जोरजोरात पेडल दाबत होते आणि खूश होत होते. "बघ, पुन्हा लोणी." मला हसू आवरेना, मी खोकल्याचं सोंग करायची. बारा दिवस हा खेळ चालला. टेस्टच्या सकाळी मात्र मी जोड परत बसवून घेतला. साहेबांच्या जिवाशी खेळ नको.

पास झाले. साहेबांनी हाताची घडीसुद्धा सोडली नाही.

आठ दिवसांनी लायसन्स घरी आलं आणि त्याच सकाळी मी ताईकडे निघाले. मास्तर न विचारता शेजारी येऊन बसले. पहिला चौक आला, मी ब्रेक लावला, आणि गाडी असा हिसका देऊन थांबली, की मास्तरांचा चष्मा पायाशी पडला.

"हे काय?" ते म्हणाले.

"हे तुम्ही. दोघांनी एकदमच दाबला," मी म्हटलं. आणि गाडी कडेला घेऊन सगळं सांगितलं. टीव्ही, मेकॅनिक, स्प्रिंग, बारा दिवस.

मास्तर चष्मा पुसत राहिले. बराच वेळ पुसला, स्वच्छ होता तरी.

"बाकीच्यांच्या वेळी पाय दुमडून बसता म्हणे," मी म्हटलं.

"बाकीच्यांच्या वेळी मला गाडीची काळजी असते."

"आणि माझ्या वेळी?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. "गाडी जुनी आहे ना," म्हणाले. माझा सगळा राग तिथेच विरघळला, पण मी तो चेहऱ्यावरून लगेच जाऊ दिला नाही. तेवढा हक्क होता माझा.

मग त्यांनी दार उघडलं आणि उतरले. एकतीस वर्षांत शिकणाऱ्याला गाडीत एकटं सोडून मास्तर कधी उतरले नव्हते. "इथून मी चालत जाईन," ते म्हणाले. "ताईला सांग, मास्तरांना वेळ नव्हता." आणि त्यांनी हळूच, अगदी जपून, दार लावलं.

दीड तासाच्या वाटेला मला सव्वादोन तास लागले. एक सायकलवालाही ओलांडून गेला, तेव्हा जरा लाज वाटली.

ताईनं दार उघडलं. आधी माझ्या मागे कोण आहे ते पाहिलं, मग रस्त्यावरच्या गाडीकडे पाहिलं. गाडी रिकामी होती.

"कोणी आणलं तुला?"

"मीच आणलं."

ती उंबऱ्याच्या आत उभी होती. गाडीकडे बघत राहिली. मी चल म्हणाले नाही, इतके महिने तेच म्हणत आले होते.

"थांब," ती म्हणाली, "चपला घालते."