खंडेनवमीला पुजलेल्या चार डिस्क

नव्वदच्या दशकात मी पुण्याला होस्टेलवर होतो, तेव्हा कोल्हापूरहून आईचं पत्र यायचं नाही, कॅसेट यायची. तिला लिहिता येत नव्हतं, पण एकदा बोलायला लागली की कुणाला आवरायची नाही! म्हशीनं लाथ मारली, गारगोटीची मावशी येऊन भांडून गेली, सगळं त्यात. काय दिवस होते ते!

आई गेल्यावर त्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि घरच्या नेटवर्कला जोडलेल्या चार डिस्कच्या डब्यात ठेवल्या. कॅसेटींना बुरशी लागलेली, त्या टाकून दिल्या. दुसरी कॉपी काही केली नाही. शहाणा ना मी!

मग आली खंडेनवमी. आण्णांचा, म्हणजे वडिलांचा, जन्म उद्यमनगरात लेथवर गेलेला. हत्यारं पुजल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. संध्याकाळी ऑफिसातून आलो तर डब्यावर झेंडूचा हार आणि डब्याचा एरवी हिरवा असणारा दिवा लाल. कॉम्प्युटर लावला तर एकही फाईल दिसेना. वर विचारतोय, डिस्क कोऱ्या करून नव्यानं मांडू का?

"कुणी हात लावला ह्याला?"

"मी. बंद करून डिस्का काढल्या, पुसल्या, हळदीकुंकू लावलं, परत घातल्या."

"तुम्हाला कुणी सांगितलं हुतं? हे काय तुमचं हत्यार हाय?"

बापाशी असं बोललो. अजून लाज वाटते.

डोकं जरा थंड झाल्यावर विचारलं, "पाटावर कशा मांडल्या हुत्या?"

"पहिली काढली ती उजव्या हाताला. पूजा उजवीकडनंच मांडत्यात की."

"आणि घालताना?"

"डावीकडनं उचलत गेलो."

म्हणजे शेवटची डिस्क पहिल्या खणात! आणि ह्या डब्याला तर प्रत्येक डिस्क ज्या त्या खणातच लागते. डबा बंद केला, चारही उलट क्रमानं घातल्या आणि चालू केला. दिवा हिरवा झाला. फाईल उघडली आणि आई खणखणीत बोलली, "अवं, जरा गप बसा की, पोराशी बोलतीया न्हवं!"

आण्णा हसता हसता रडायला लागले. मलाही राहवलं नाही.

"चुकलं माझं, आण्णा. पण डब्याची कसली पूजा करत बसलात?"

"डब्याची कोण करतंय?" ते म्हणाले. "तू हापिसाला गेलास की रोज दुपारी तिलाच ऐकत बसतो मी."