कांद्याच्या कारखान्यातलं बंद दार

गरम हवेनं माल वाळवणाऱ्या यंत्रांना किती जळण लागतं, हे मोजायचं माझं काम. हिशोब सोपा आहे. ओला माल तोलायचा, वाळलेला तोलायचा, मधलं वजन म्हणजे उडालेलं पाणी. आणि तेवढं पाणी उडवायला भट्टीनं किती ब्रिकेट, म्हणजे भुशाचे दाबलेले ठोकळे, खाल्ले ते पाहायचं. या आकड्यावर माझं पोट चालतं, आणि हल्ली याच आकड्यापायी मला स्वतःची लाज वाटायला लागली आहे.

अचलपूरच्या रस्त्यावर कांदा वाळवायचा एक कारखाना आहे. वखारीएवढी एक खोली, एका भिंतीला वाळवणीचं यंत्र, आणि समोर बायका बसून कांद्याच्या चकत्या ट्रेमध्ये पसरतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा उन्हाळा चांगलाच तापला होता. आम्हा अकोल्याच्या माणसांनी उन्हाची तक्रार करू नये, पण त्या खोलीत पाय ठेवला आणि मीच मागे सरलो. बाजूला कडुनिंबाकडे उघडणारं मोठं दार होतं, तेही बंद.

"मावशी, दार काहून लावलं?" मी त्यांच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईला विचारलं.

"तुमी मोजाले आले ना. हवा लागली तं तुमचं मोजणं बिघडन. एका दिवसाचं काय, सोसतो आमी."

पोरगी दाखवायच्या दिवशी घरात जशी झाकपाक करतात, तशी तयारी त्यांनी माझ्यासाठी केली होती. एरवी ते दार दिवसभर सताड उघडं असतं, हे मला तिथंच कळलं. मी म्हणायला हवं होतं, उघडा, मला रोजचं मोजायचंय. पण आकडा इतका देखणा येत होता! यंत्राचा पंखा खोलीतलीच हवा ओढतो. खोली तापलेली, म्हणून हवा आधीच गरम, म्हणून जळण कमी. शिकलेल्या माणसाला असं कारण सापडलं की त्याला बाकी काही दिसत नाही. मी अहवालात लिहून टाकलं, दार बंद ठेवल्यास बचत होईल.

मालकानं त्या दाराला कुलूप घातलं. हे मला या वर्षी पुन्हा मोजायला गेलो तेव्हा कळलं. मावशी भिंतीला टेकून पदरानं वारा घेत होती. शेजारची बाई म्हणाली, "मागच्या हप्त्यात चक्कर येऊन पडली ते. मालक म्हणे घरी बस. घरी बसून ते खाईन काय?"

मावशीनं मला पाणी दिलं. चोराच्या मनात चांदणं! मला वाटलं, ही आता कुलपाचं विचारणार. तिनं विचारलं ते माझ्या लेकराबाळांचं. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तणतणत मालकाकडे गेलो. माणूस तसा वाईट नाही. "तुमीच तं लिवलं होतं साहेब," म्हणाला, आणि किल्ली पुढ्यात टाकली. मी म्हटलं, आज दार उघडं ठेवून मोजतो; फरक थोडाच आला तर उघडंच ठेवा. तो कबूल झाला.

कुलूप मी स्वतः काढलं. वारा आत आला तशा सगळ्या बायकांनी माना वर केल्या. आणि मावशी उठली, भिंत धरत धरत दाराशी गेली आणि तिनं ते लोटून घेतलं.

"मावशी, राहू द्या. तुमच्यासाठीच उघडलं."

"नाई साहेब. जळण जास्त दिसलं तं मालक आमच्यातल्या दोघी कमी करन. तुमी तं जासान निघून."

मी मालकाचा शब्द सांगितला, समजावलं. सगळ्या तिच्याच बाजूच्या. जबरदस्तीनं उघडता आलं असतं, पण आकडा किती वाढेल हे मलाही छातीठोक सांगता येत नव्हतं, आणि मी निघून जाणार होतो हे तर खरंच होतं. मी मोजायला लागलो. संध्याकाळपर्यंत त्या बंद खोलीत बायका ट्रे भरत राहिल्या. वारा घ्यायला एकीनंही बाहेर पाय टाकला नाही.

आकडा मागच्या वेळेपेक्षाही चांगला आला. मी सामान बांधत होतो, तर मावशी जवळ आली. लुगडं घामानं अंगाला चिकटलेलं, आणि चेहरा हसरा.

"पास झालो ना आमी, साहेब?"

"हो," मी म्हणालो.