तोआदेरच्या गप्प बाटल्या

सावेताचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. कोंबड्यांना दाणे, पोटाला मक्याचा घाटा, आणि पाचच्या बसने सिरेत नदीपलीकडच्या इस्पितळात. वॉर्डांत काढलेलं रक्त तळघरातल्या प्रयोगशाळेत पोचवायचं, हे तिचं काम. चार मजले, लिफ्ट बंद. बाकीचे हमाल पेटी भरेपर्यंत सिगारेट ओढत बसत. सावेता रक्ताच्या एका बाटलीसाठीही निघायची. बाटलीत जंतू वाढले की ते कोणत्या औषधाने मरतात हे नवं यंत्र सहा तासांत सांगायचं. पूर्वी दोन दिवस जात. मग जिन्यात वेळ घालवणं तिला पटत नसे.

"मावशी, गुडघे फुकट मिळालेत का?" प्रयोगशाळेतला इलारियोन विचारायचा.

"हातातलं घे आधी. दात नंतर दाखव."

मार्चमध्ये लाकडं फोडताना तिच्या नवऱ्याचा, तोआदेरचा, पाय कापला. दोन दिवसांनी ताप चढला. गावात सगळे करतात तेच सावेताने केलं. गेल्या हिवाळ्यातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कपाटातून काढून दिल्या. तो बरळू लागला तेव्हा इस्पितळात आणला. त्याच्या रक्ताच्या बाटल्या तिने स्वतः, धावत, खाली नेल्या.

दोन दिवस बाटल्या गप्प. वर डॉक्टर अंदाजाने औषध देत होते. जंतू रक्तातून अंगभर पसरले होते; तोआदेरच्या दोन्ही पायांची बोटं काळी पडत होती.

"झोपलंय का रे तुझं यंत्र?"

"जंतू वाढल्याशिवाय ते काय तपासणार?" इलारियोनने मान वर केली. "मावशी, घरी काही दिलं होतंत?"

ती रिकामी पेटी पुसू लागली.

"दिलं होतंत."

"चारच गोळ्या."

"त्यांनी जंतू मेले नाहीत, नुसते दबले. चौदा वर्षं बाटल्या वाहताय, आणि..."

"बोल की. थांबलास कशाला?"

तो यंत्राकडे वळला.

चौथ्या दिवशी बाटलीत वाढ दिसली. सहा तासांत उत्तर आलं: चालू औषध निकामी, दुसरं एक लागू. तो कागद घेऊन सावेता न थांबता चार मजले चढली.

तोआदेर जगला. दोन्ही पाय घोट्यांवरून कापावे लागले.

आठवड्याने ती कामावर परतली. आता बाटली उचलण्याआधी ती नातेवाइकांना विचारते, "घरी काय दिलंत? खरं सांगा."

तिच्या दीड वर्षाच्या पगारात दोन कृत्रिम पाय आले. पहिल्या दिवशी तोआदेर त्यांच्यावर अकरा पावलं चालला.